शहरातली हवा आणि आपण गृहिणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी बाहेरच्या एखाद्या विदुषीचे व्याख्यान ठेवण्याची पद्धत आहे. यंदा कार्यकारिणीने ठरविले की, पाहुण्या नकोत, सभासदांपैकीच एकीने बोलावे. आणि ते काम माझ्या पदरात पडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत उभे राहून बोलण्याची सवय नाही. तेव्हा जे वाचले, डॉक्टरांना विचारून घेतले आणि घरात-दारात पाहिले, ते जसे समजले तसे सांगते. चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

विषय माझा मीच निवडावयाचा होता. मी 'हवा' निवडली. कोणी म्हणेल, हवेवर काय बोलायचे? पण या वर्षी आपल्या चाळीच्या पुनर्विकासाचा करार सह्यांसाठी यावयाचा आहे. त्यावर पुरुषमंडळींच्या कितीतरी सभा झाल्या. खोली किती फुटांची, भाडे किती, नळ कोठे, लिफ्ट किती, सगळ्याची चर्चा झाली. पण काही वर्षे जे पाडकाम-बांधकाम चालेल त्याची धूळ कोणाच्या नाकातोंडात जाईल, हा प्रश्न काही निघाला नाही. रस्त्यापलीकडे जे काम चालले आहे त्याची धूळ आज आपण खातोच आहोत. सकाळी पुसलेला ओटा दुपारी खरखरीत लागतो, दोरीवरचे पांढरे कपडे करडे होतात. उद्या आपले काम सुरू झाले की आपण भाड्याच्या जागेत जाऊ आणि मागच्या चाळीतली लेकरे आपली धूळ खातील. म्हणून हा विषय सह्या होण्याच्या आत बोललेला बरा, असे मला वाटले.

प्रथम एक गोष्ट समजून घेऊ. ओट्यावर जी धूळ दिसते ती त्रासाची खरी, पण तिच्याहून वाईट धूळ डोळ्यांना दिसत नाही. मोठे कण नाकातल्या केसांत अडकतात, शिंकेवाटे, खोकल्यावाटे बाहेर पडतात. देवाने तेवढी चाळणी आपल्याला दिली आहे. पण काही कण इतके बारीक असतात की, आपल्या एका केसाच्या जाडीत तसे पंचवीस-तीस शेजारी शेजारी मावतील. शास्त्रज्ञ त्यांना 'पीएम २.५' म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉनहून लहान कण. ते चाळणीला दाद देत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या टोकाशी जातात आणि त्यांतले अगदी सूक्ष्म तर रक्तातही उतरतात.

हे कण येतात कोठून? जेथे म्हणून काही जळते तेथून. मोटारी, ट्रक, रिक्षा यांच्या धुरातून येतात. कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांतून आणि कारखान्यांतून येतात. उकिरडा पेटविला, टायर जाळले, तांब्यासाठी वायरी जाळल्या की येतात. लाकडावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूर आहेत. ब्रेक आणि टायर झिजतात त्याचीही पूड उडते. रस्त्याच्या कडेला साचलेली माती प्रत्येक गाडीबरोबर पुन्हा वर उठते. बांधकामाची सिमेंट, वाळू, राडारोडा यांची धूळ बहुतेक जाड असते, पण तिच्यातही बारीक भाग असतोच. शिवाय धुराबरोबर जे वायू निघतात, त्यांचे हवेतच एकमेकांशी मिळून नवे कण तयार होतात. म्हणजे पातेल्यातले पदार्थ आपण ओळखतो, पण शिजल्यावर भलतेच काही होते, तसा हा प्रकार.

आपण नेहमी म्हणतो, थंडी आली की खोकला आला. त्याला केवळ थंडी कारण नाही. एरवी जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि धूरही वर नेते. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार व जड होते आणि तिच्यावर गरम हवेचा थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवावे तसे होते. मग शहराचा सगळा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. सकाळी जे धुके म्हणून आपण कौतुकाने पाहतो, त्यात पुष्कळदा धूरच अधिक असतो. आपल्या मुंबईला समुद्राचा वारा आहे, पावसाळ्यात चार महिने हवा धुऊन निघते, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण हिवाळ्यात तो वारा मंदावतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा काही दिवस 'वाईट' आणि 'अति वाईट' या पायऱ्यांवर गेली होती, ते आपल्याला आठवत असेल.

या पायऱ्या म्हणजे काय, तेही सांगते. २०१४ साली आपल्या देशात हवेचा निर्देशांक ठरविण्यात आला. शून्य ते ५० म्हणजे हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अति वाईट आणि त्याच्यापुढे गंभीर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे 'समीर' नावाचे ॲप आहे, त्यात आपल्या जवळच्या केंद्राचा आकडा दिसतो. ताप पाहायला आपण थर्मामीटर ठेवतो, तसाच हा. हिवाळ्यात मुलांना खेळायला सोडण्यापूर्वी एकदा पाहावा.

आता परिणामांविषयी. खोकला, दमा, डोळ्यांची आग ही तर आपल्याला माहीतच आहे. पण हे कण रक्तात जातात म्हणून हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांनाही ते कारण होतात. गरोदर बाईने अशी हवा घेतली तर मूल कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याच्या आत जन्मण्याचा धोका वाढतो. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने बाहेरच्या दूषित हवेला कर्करोगाच्या कारणांत घातले. घरातली आणि बाहेरची दूषित हवा मिळून जगात वर्षाला सुमारे ७० लाख माणसे अकाली दगावतात, असा त्या संघटनेचा अंदाज आहे. सबंध मुंबईच्या लोकसंख्येशी तो आकडा ताडून पाहिला म्हणजे अंगावर काटा येतो.

मुलांना अधिक बाधते, कारण त्यांची फुप्फुसे वाढीला लागलेली असतात आणि आपल्या वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा अधिक हवा घेतात. ती बुटकी असतात, म्हणजे गाडीच्या धुराच्या नळीच्या उंचीवर त्यांचे नाक असते. माझ्या धाकट्या मुलीला थंडी सुरू झाली की पंप घ्यावा लागतो. पंपाविषयी आपल्यात मोठा गैरसमज आहे. "एकदा लावला की जन्माची सवय लागते," असे मला पुष्कळ जणींनी सांगितले. डॉक्टरांनी मला समजाविले की, पंपातले औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून ते अगदी थोडे पुरते. त्याची व्यसनासारखी सवय लागत नाही. उलट भीतीने पंप मध्येच सोडला की दमा बळावतो. ज्या घरात असे मूल आहे त्या आईने हे ध्यानात ठेवावे.

म्हाताऱ्या माणसांविषयी सांगायचे तर माझ्या सासूबाईंचेच उदाहरण घेते. त्या सत्तरीच्या आहेत. दोन जिने चढताना तीनदा थांबतात. दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आजी, बिडी ओढत होता का?" सासूबाईंनी कानाला हात लावला. त्यांनी जन्मात बिडी हातात धरली नाही. मग डॉक्टरांनी विचारले, "चुलीवर स्वयंपाक किती वर्षे केला?" सासूबाई म्हणाल्या, "नहाण आलं तवापासून." पाटण तालुक्यातल्या घरी खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात त्यांनी तीस-पस्तीस वर्षे ओली-सुकी लाकडे, गोवऱ्या, तुरीच्या तुराट्या फुंकल्या. डॉक्टर म्हणाले, तोच धूर आहे हा. बिडी ओढणाऱ्याची फुप्फुसे होतात तशी यांची झाली आहेत.

तेव्हा हवेचे दुखणे शहराचे आणि मोटारींचे, असे समजू नये. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने गुजरातेतल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर यंत्र लावून धूर मोजला, आणि मग जगाला कळले की शहरातल्या रस्त्यापेक्षाही चुलीपुढची हवा वाईट असू शकते. जी गोष्ट प्रत्येक बाई डोळे पुसता पुसता जाणत होती, ती आकड्यांत यायला इतकी वर्षे लागली. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गरीब घरांतून गॅस आला, हे मोठे काम झाले. पण सिलिंडर परवडत नाही म्हणून शेगडी बाजूला ठेवून पुन्हा चूल पेटविणाऱ्या बाया आजही आहेत. आपल्या गावच्या जावा-नणंदांकडे जाल तेव्हा एवढे पाहा.

आता दूरदेशीच्या दोन गोष्टी सांगते. दोन्ही लंडन शहरातल्या आहेत.

पहिली १९५२ सालची. तेथे थंडीत घरोघर कोळशाची शेकोटी असे. ५ डिसेंबरला वारा पडला, हवेचे ते झाकण बसले आणि सगळ्या शहराचा धूर खाली कोंडला. ९ डिसेंबरपर्यंत, पाच दिवस, हातभर पलीकडचे दिसेना. त्या वेळी सुमारे ४,००० माणसे दगावली असे मोजले गेले. पुढच्या अभ्यासात तो आकडा १२,००० पर्यंत असावा असे निघाले. त्यानंतर १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. कायद्याने नुसते 'धूर करू नका' असे सांगितले नाही, तर घरातली शेकोटी बदलून बिनधुराची करण्यासाठी लोकांना पैशाची मदतही दिली. दंडुका आणि मदत दोन्ही बरोबर गेली, म्हणून काम झाले.

दुसरी गोष्ट एका आईची. लंडनच्या एका मोठ्या रहदारीच्या रस्त्यापासून पाऊणशे-शंभर फुटांवर रोझामंड अडू-किसी-डेब्रा नावाची शिक्षिका राहत होती. तिची मुलगी एला हिला दमा जडला. तीन वर्षांत पंचवीसहून अधिक वेळा तिला इस्पितळात न्यावे लागले. फेब्रुवारी २०१३ मध्ये, नऊ वर्षांची असताना, ती गेली. प्रथम दाखला मिळाला तो श्वास बंद पडल्याचा. पण तो बंद का पडला, हे आईने सोडले नाही. तिने रस्त्यावरच्या हवेच्या नोंदी मिळविल्या, पुन्हा चौकशी मागितली. डिसेंबर २०२० मध्ये निकाल लागला की एलाच्या मृत्यूला दूषित हवा कारणीभूत होती. तेथे असा निकाल प्रथमच लागला. त्यात असेही म्हटले होते की, हवेपासून धोका आहे ही माहिती त्या आईला कोणी दिली नव्हती. दिली असती तर तिने काही उपाय केला असता. भगिनींनो, मुलीला घेऊन धावणारी आई तीच, रात्र रात्र जागणारी तीच, आणि माहिती मात्र तिला नाही. मी आज येथे उभी आहे ती याच एका वाक्यासाठी.

आपल्याकडे काही झालेच नाही, असे मात्र नाही. या मुंबईत गिरण्यांच्या धुराड्यांसाठी १९१२ सालीच धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला होता. १९८१ साली सबंध देशासाठी हवेचा कायदा आला. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे घालीत, ते मुलांच्या मेंदूला घातक. सन २००० पासून तसले पेट्रोल देशात बंद झाले. आपल्या टॅक्सी आणि रिक्षा सीएनजीवर आल्या. एप्रिल २०२० पासून इंधनातले गंधक दर दहा लाख भागांत ५० भाग होते ते १० भागांवर आणले. म्हणजे मनावर घेतले तर होते. पण गाड्या किती वाढल्या, टोलेजंग इमारती किती उठल्या! एका हाताने पुसावे आणि दुसऱ्या हाताने सांडावे, असे चालले आहे.

आणि हवा पुसता येत नाही. घरात सांडले तर फडके आहे, अंगणात केर पडला तर केरसुणी आहे. हवेत एकदा गेले ते भरून आणता येत नाही. म्हणून जेथे निघते तेथेच थांबविणे, एवढा एकच खरा उपाय आहे. बाकीच्या समजुती मी विचारून घेतल्या, त्याही सांगते. धुळीवर गूळ खावा म्हणतात. गूळ घशाला बरा वाटतो, पण तो अन्ननलिकेने पोटात जातो. श्वासनलिकेची वाट वेगळी, तेथली धूळ गूळ काढीत नाही. तोंडावर पदर किंवा ओढणी घेतली तर जाड धूळ अडते, बारीक कण अडत नाहीत. त्याला एन-९५ नावाचा, तोंडाला घट्ट बसणारा मास्क लागतो. तुळस दारी असावीच, पण चार कुंड्यांनी रस्त्याचा धूर शोषला जाईल अशी आशा धरू नये.

मग आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे.

घरापासून सुरुवात करू. डासांची कॉइल बंद खोलीत लावून आपण निजतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, एक कॉइल जळून जितके बारीक कण निघतात तितके निघायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील. ज्या घरात कोणी सिगारेट ओढू देणार नाही, तेथे बाळाच्या उशाशी ही जळते! आमच्या घरी मच्छरदाणी आहे. ती जुन्या चालीची दिसते खरी, पण तिच्याहून चांगला उपाय नाही. उदबत्ती, धूप लावताना एक खिडकी उघडी ठेवावी. फोडणी आणि तळण करताना धूर बाहेर जाईल असे पाहावे. रस्त्याकडची खिडकी सकाळच्या रहदारीत मिटून दुपारी उघडावी. कोरड्या झाडूने धूळ उडविण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. हवेचा आणि भाजीच्या देठांचा काय संबंध, असे वाटेल. आपल्या जवळची देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. तेथे कचऱ्याचे डोंगर आहेत. ओला कचरा त्या डोंगराखाली दबून कुजतो आणि त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो. तो जळणारा. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तेथे आग लागली ती कित्येक दिवस धुमसत होती. त्या दिवसांत आपल्या चेंबूर-गोवंडीच्या घराघरांत धूर होता, काही शाळा बंद ठेवाव्या लागल्या. माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता. ओला रुमाल नाकाला लावून आम्ही दोन रात्री काढल्या. आपण देठ, साली, उष्टे वेगळे ठेवून त्याचे खत केले तर त्या डोंगराला तेवढे जळण कमी मिळेल. हे काम नगरपालिकेने करावे हे खरे, पण दोन डब्यांची सुरुवात आपल्या ओट्याखालीच होते.

तिसरी गोष्ट जाळण्याची. आपल्या आवारात रोज सकाळी पालापाचोळा पेटवितात. त्यात दुधाच्या पिशव्याही असतात. झाडणाऱ्या बाईला आपण रागावतो. पण तिने तो पाला न्यावा कोठे? तिला खड्डा किंवा पिंप दिलेच नाही. रात्री वॉचमन लाकडाच्या फळ्या, थर्माकोल पेटवून शेकत बसतो. त्यालाही रागावून काय उपयोग? त्याला थंडी वाजते. लंडनच्या कायद्याने शेकोटी बदलायला मदत दिली, ती मला येथे आठवते. धूर बंद करा म्हणताना दुसरी सोय आपण केली पाहिजे. बेकरीचेही तेच. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस, वीज अशा स्वच्छ इंधनावर यावे असे सांगितले. कोठे कोठे भट्टीत रंग लावलेले जुने फर्निचर जाळीत, कारण ते स्वस्त. आता भट्टी बदलताना पाव थोडा महागला तर आपण कुरकुर करू नये. स्वस्त पावाची किंमत आपल्या छातीतून वसूल होत असते.

चौथी गोष्ट बांधकामाची, आणि तीच आज मुख्य. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महानगरपालिकेने बांधकामाच्या धुळीसाठी नियम काढले. कामाभोवती २५ ते ३५ फूट उंच पत्रे हवेत. इमारतीला हिरवे कापड, तागाचे कापड किंवा ताडपत्री गुंडाळलेली हवी. तोडताना, माती उचलताना पाणी फवारावे. राडारोड्याचा ट्रक झाकलेला हवा आणि बाहेर पडताना त्याची चाके धुतली पाहिजेत. नियम चांगले आहेत. समोरच्या कामावर कापड एका बाजूलाच आहे आणि पाणी फवारताना मी तरी पाहिले नाही. तेथे काम करणारी माणसे तर दिवसभर त्या धुळीत असतात, त्यांच्या बायका तेथेच पत्र्याच्या खोलीत तान्ही मुले घेऊन राहतात. त्यांची कड घेणारे कोणी नाही.

म्हणून मी अध्यक्षबाईंच्या परवानगीने तीन सूचना मांडते.

एक. मंडळाने आवारात पाल्याचा खड्डा करून घ्यावा, ओल्या कचऱ्याचे पिंप ठेवावे आणि जाळणे बंद करावे. शिलकीतून वॉचमनला एक स्वेटर व एक ब्लँकेट द्यावे. हळदीकुंकवाच्या वाणाची एका वर्षाची प्लॅस्टिकची डबी कमी झाली तर एवढे सहज भागेल.

दोन. समोरच्या कामाविषयी तारीख टाकलेली छायाचित्रे जोडून मंडळाच्या नावाने वॉर्ड कचेरीत अर्ज द्यावा. एकटीने गेले तर "बघू" म्हणतात. वीसजणी गेल्या तर खुर्ची देतात.

तीन. आपल्या पुनर्विकासाच्या करारात पत्रे, कापड, पाणी आणि झाकलेले ट्रक ही कलमे लिहून घ्यावीत. ती पाळली नाहीत तर काम थांबविण्याचा अधिकार सोसायटीला असावा. कोणी म्हणेल, अशाने करार लांबेल, बिल्डर बिथरेल. मी म्हणते, हे नियम आपण काढलेले नाहीत, महापालिकेचेच आहेत. जे पाळायचेच आहे ते लिहून द्यायला भीती कसली? आणि लिहून द्यायला जो तयार नाही, त्याचा हेतू सही करण्यापूर्वीच कळलेला बरा. घरातल्या सहीचा अधिकार बहुतेक आपल्या यजमानांकडे आहे. पण ज्या घरात बाईचे नाव कागदावर आहे तिने सभेला स्वतः जावे, आणि जेथे नाही तेथे जेवताना हा विषय काढावा. जेवताना काढलेला विषय सभेत काढलेल्यापेक्षा लवकर मार्गी लागतो, हा आपला सर्वांचाच अनुभव आहे.

भगिनींनो, पाणी गढूळ आले तर आपण हंडे घेऊन मोर्चा काढतो. धान्यात खडे निघाले तर दुकानदाराला परत नेऊन दाखवितो. हवा तर आपण पाण्याच्या आणि अन्नाच्या आधी घेतो, झोपेतही घेतो, आणि ती निवडून घेता येत नाही. श्रीमंताच्या खोलीत हवा गाळणारे यंत्र असेल, पण त्याचे मूलही त्याच रस्त्याने शाळेत जाते. तेव्हा हे कोणा एकाविरुद्धचे भांडण नव्हे. सगळ्यांच्या घरचे काम आहे आणि ते कोणीतरी हातात घ्यावयास हवे.

कार्यवाह वहिनींना माझी विनंती आहे की, या तीन सूचना आजच मतास टाकाव्यात. ज्यांना पटल्या असतील त्यांनी हात वर करावा. ज्यांना पटल्या नसतील त्यांनी काय खटकते ते मोकळेपणी सांगावे, म्हणजे कलमे अधिक नीट लिहिता येतील. वॉर्ड कचेरीत जायला सोमवार सकाळचा वेळ बरा आहे. ज्या येणार असतील त्यांनी नावे द्यावीत. यादीत पहिले नाव माझे लिहिले आहे, दुसरे सासूबाईंचे. त्या म्हणाल्या आहेत की, जिने चढायला वेळ लागेल, पण येईन.